तात्यांना सापडलेलं कारण

प्रिय गोकुळदादा,

तात्यांना माझ्या चर्चासत्राला बोलवायची बुद्धी मला कुठून सुचली, देव जाणे. समलिंगी माणसांबद्दल लोकांच्या मनात एवढा राग येतो कुठून, याच एका प्रश्नावर मी पीएच.डी. करतेय. वाटलं, घरच्या माणसानं एकदा ऐकावं. तात्या कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले आणि शेवटपर्यंत हललेसुद्धा नाहीत. मी सांगत होते : काही अभ्यासक म्हणतात, स्वतःच्याच मनातल्या एखाद्या ओढीची भीती दुसऱ्यावर राग होऊन निघते, पण त्याला पुरावा कच्चा आहे. काही म्हणतात, चारचौघांत आपलं पुरुषपण सारखं सिद्ध करावं लागतं, त्याचा हा ताण. काही जण लहानपणापासून शिकवलेल्या किळसेला जबाबदार धरतात. आणि शेवटी माझा लाडका सिद्धांत : ओळख वाढली की पूर्वग्रह उतरतो.

हे वाक्य बोलताना माझी जीभ अडखळली. सुदर्शनला काय तात्या कमी ओळखत होते? तुझा रूममेट म्हणून तो यायचा, तेव्हा त्याच्यासाठी स्वतः जाऊन मटणाचा नानखलिया बांधून आणायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायला तोच थांबला होता. आणि तो नुसता रूममेट नाही हे तू सांगितलंस, त्या दिवशी त्यानं दिलेले बूट अंगणात भिरकावले गेले, पाठोपाठ तुझी बॅग. आणखी किती ओळख लागते एखाद्याची?

परत येताना क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो. तात्यांनी स्कूटरवर मागून विचारलं, "मंग यातला मी कोणता?" उन्हानं डोकं तापलेलं. मी वैतागून म्हणाले, "सगळ्यातलं थोडं थोडं." आरशात पाहते तर त्यांचा चेहरा उजळलेला! माणसाला वाईट वाटेल, निदान विचारात पडेल, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. आता फोनवर आत्याला सांगतात, "माझ्या हातात काय नाय बाई, हे मनातच असतंय. मेघानं संशोधन केलंय." पोराला घराबाहेर का काढलं, याचं उत्तर आजवर त्यांना कुणाला देता येत नव्हतं. ते मी मिळवून दिलं! आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या शिक्षणाचा यांना लई फायदा झाला."

मग माझा पारा चढला. म्हटलं, "तात्या, कारण सापडलं म्हणजे सुटका झाली असं नसतं. तुमचा गुडघा का दुखतो ते डॉक्टरनं सांगितलं, तरी चालायला तुम्हालाच लावलं ना?" तात्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "माझ्यानं त्या पोराशी बोलणं व्हणार नाय." मी म्हटलं, "नका बोलू. त्याच्या पंगतीला बसून जेवा." ताडकन उठले आणि गच्चीवर गेले. तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतात.

दादा, हे पत्र खरं तर त्यांनीच लिहायला सांगितलंय. माझं लग्न ठरलंय, कृष्णाशी. मार्चमध्ये. तात्यांचा निरोप असा, "गोकुळला नीट समजावून सांग, माझं मन असं का झालंय ते. त्याला कळंल. अन् एकटा ये म्हणावं." तर घे, समजावून सांगितलं. आता माझं ऐक. एकटा अजिबात येऊ नकोस. तुम्हाला दोघांना पाहून तात्या मांडवात बसतील की उठून जातील, मला खरंच माहीत नाही. मी वाचलेल्या एकाही पुस्तकात ते लिहिलेलं नाही. गेले तर जाऊ देत, मी रडेन आणि पुन्हा उभी राहीन. पण कानपिळीला मला माझे दोन्ही भाऊ हवेत. कृष्णाला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, येऊ दे दोघांना, कान दोन आहेत.

तुझीच वैतागलेली,
मेघा