पाइपात बोललेलं

मी, या घराचा मालक, धंद्याने वेल्डर (धंदा आता बंद), वय झालेला पण डोके ठिकाणावर असलेला, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. दाखवून उपयोगही झाला नसता, हे घरचे सगळे जाणतात. डॉक्टर समोर बसून माझ्या अकलेची खात्री करून घेत आहेत. डोळे तेवढे अधू आहेत. सगळा जन्म वेल्डिंगच्या उजेडात घातल्यावर ते व्हायचेच. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. तेव्हा मी चिडलेलो होतो.

कलम पहिले. घराचा वरचा मजला माझ्या मुलाला मिळावा. तळमजला, तिथल्या बार काउंटरसकट, माझ्या पुतणीला, म्हणजे माझ्या मयत धाकट्या भावाच्या मुलीला मिळावा. तिला आम्ही सगळे ठिणगी म्हणतो आणि ती तशीच आहे. तिची आई, माझी भावजय, हयात असेपर्यंत तळमजल्यावरच राहील. तिला कोणी ऊठ म्हणायचे नाही.

मुलाने राग मानू नये. मानायचाच असेल तर वरच्या मजल्यावर बसून मानावा. पोरगा वाईट नाही. त्याचे म्हणणे एवढेच की काउंटर कापून भंगारात घालू, खोली मोकळी होईल, भाडेकरू ठेवता येईल. "आपल्याकडे पितं कोण, बाबा?" असे तो विचारतो. कोणीच पीत नाही, हे खरे आहे. तरी काउंटरला त्याने हात लावायचा नाही. हे मी शहाणपणाने लिहीत आहे, हट्टाने नाही. बरं, थोडे हट्टानेही.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल ते मुलाचे. त्यावर मला काही बोलायचे नाही.

कलम तिसरे. हत्यारे. वेल्डिंगचे मशीन, केबली, कातर आणि दोन्ही ग्राइंडर ज्याने माझे वर्कशॉप चालवायला घेतले त्याला द्यावीत. सपाटी तपासायची माझी लेव्हल मात्र सुतारमित्राला द्यावी. हा गृहस्थ इतकी वर्षे गावभर सांगत फिरतो की आमचा काउंटर त्याच्या फळीमुळे उभा आहे. फळी त्याची, कबूल. पण तिचे एक टोक किंचित खाली आहे. लेव्हलमधला बुडबुडा त्याला ते सांगेल, माझ्या सांगण्याने त्याला कधी पटले नाही. माणूस सोन्यासारखा आहे. माझ्या तिरडीला तोच खांदा देईल आणि तेव्हाही बडबडत असेल.

कलम चौथे. काउंटर. हे कलम लांबणार आहे, डॉक्टरांनी चहा मागवावा.

धाकटा भाऊ एका बड्या घरी जिन्याचे कठडे बसवायला गेला होता. तिथे त्याने बार काउंटर पाहिला आणि परत आला तो वेड लागल्यासारखाच. आपल्याकडेही पाहिजे, म्हणाला. मी म्हटले, अरे, आपण दोघे लिंबू सरबतावर झिंगणारे. तो म्हणाला, मित्र येतील, कोपरं टेकून बसतील, गप्पा होतील. आणि अट घातली की खाली पाय दिसता कामा नये. पाय दिसला की त्याचे टेबल झाले.

मग आम्ही भिंत फोडली. विटांत खाचा पाडून चौकोनी पाइपाचे खांब उभे केले, खाली जाड प्लेटा जमिनीला बोल्टाने आवळल्या. खांबांना काटकोनात पाइपाचेच हात जोडले, खोलीत पुढे आलेले. सुताराने फळीला खालून खाचा मारल्या आणि फळी त्या हातांवर सरकवली. भिंतीला प्लॅस्टर झाले आणि सगळे पोलाद गडप. आलेला प्रत्येक पाहुणा खाली वाकून पाय शोधतो. धाकट्याला हेच बघायचे होते. त्याला ते फार दिवस बघायला मिळाले नाही.

आता वडिलांची सवय सांगितली पाहिजे. तेही वेल्डर. पोकळ पाइपाचे तोंड झाकण लावून बंद करण्याआधी ते तोंडाशी वाकून आत एक शब्द बोलायचे. "राहा." एवढेच. कामाने टिकून राहावे म्हणून. आम्ही दोघांनीही ते उचलले. गावातल्या कितीतरी फाटकांत आणि कठड्यांत हा शब्द आहे, आणि रोज त्यांना हात लावणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही.

काउंटरचा खिडकीकडचा शेवटचा हात धाकट्याने बंद केला. मी पलीकडे ग्राइंडर चालवत होतो. पाहिले तर तो पाइपाला तोंड लावून बोलत होता आणि बोलतच होता. एका शब्दाला एवढा वेळ लागत नाही. मी मशीन थांबवेपर्यंत त्याने झाकण पक्के जोडलेही. मी विचारले, काय रे, काय सांगत होतास एवढं? तो हसला.

"ज्याला सांगायचं त्याला सांगितलं. तू तुझं काम कर."

फळी बसली आणि त्याच महिन्यात एका गोदामाच्या छपराचे काम करताना तो पडला. ठिणगी तेव्हा आईच्या पोटात होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खिडकीतले ऊन उतरले की तो हात वाजतो. टक्, मग थांबून पुन्हा टक्. पोलाद तापते, निवते, आक्रसते, फळीला घासून आवाज करते. हे मी हाताखालच्या सगळ्यांना शिकवले आहे. तरी आवाज आला की मी "हो रे" म्हणतो. भावजय त्या टोकाशी कधी पेला ठेवत नाही. काम करता करता जाताना तळवा टेकवते आणि पुढे जाते. तिथे बसलेले पाहुणे आपोआप हळू बोलू लागतात, आपण का कुजबुजतोय हे त्यांना कळत नाही. मला त्या खोलीत एकटे वाटलेले नाही. भीती मात्र वाटली आहे, पुष्कळदा.

ठिणगीने बापाचा आवाज कधी ऐकलेला नाही. कुठल्या यंत्रात तो साठवलेलाही नाही. शाळेत असल्यापासून ती माझ्यामागे लागली आहे, काका, तो हात उघडूया. तिची आई म्हणते, बंद आहे ते बंद राहू दे. आणि मी दोघींच्या मध्ये उभा. मी उघडला नाही, कारण आत काही निघाले नाही तर माझा भाऊ दुसऱ्यांदा मेला असता आणि ते मला झेपले नसते. आता माझ्या झेपण्याचा प्रश्न उरणार नाही. म्हणून ठरवून लिहितो: हात उघडायचा की नाही, हे फक्त ठिणगीने ठरवायचे. तिच्या आईनेही आड येऊ नये, ही तिला माझी हात जोडून विनंती.

कलम पाचवे. हे ठिणगीसाठी.

बाळ, उघडायचे ठरवलेस तर ग्राइंडर लावू नकोस. हाताने फिरवायचे ड्रिल घे आणि खालून बारीक छिद्र पाड. आई घरात असू दे. कान लावून बसू नकोस, बाहेर काही येणार नाही. धाकट्याने पाइप गरम असतानाच बंद केला होता, आतली हवा तेव्हापासून आक्रसून बसली आहे. ड्रिलचे टोक आरपार गेले की पाइप बाहेरची हवा आत ओढेल. एक श्वास घेतल्यासारखा आवाज होईल, तेवढाच, आणि तोही एकदाच.

तुझा बाप तुझ्याशी बोलणार नाही, बाळ. पण जे बाहेर असेल ते तो आत घेईल. म्हणून तोंड जवळ ने आणि तुझे नाव सांग. ते त्याला अजून कोणी सांगितलेले नाही. मग छिद्र बुजव.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले, वाचले आणि सही केली.

सही: थोरला, वेल्डर
ठिकाण: राहते घर, तळमजला
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो

साक्षीदार: वर सही करणारे गृहस्थ शुद्धीवर असून त्यांनी आम्हा दोघांसमोर हे पूर्ण वाचले आणि सही केली. पाचवे कलम त्यांनी खिडकीकडच्या टोकाशी वाकून, फळीला तोंड लावून वाचले. आम्हाला ते ऐकू आले नाही, आम्ही नंतर कागदावर वाचले.

सही: डॉक्टर
सही: शेजारचे शिंपी