तुमची धाकटी मंगळावर आहे

ती. ताई,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा नमस्कार. गुडघा आता वाकतो का? वाकत असला तरी उगाच वाकवून दाखवू नका. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही.

तर तुमची धाकटी मंगळावर सुखरूप आहे. खरा मंगळ नव्हे हो. माणूस दुसऱ्या ग्रहावर राहू शकेल का, हे पाहायला शास्त्रज्ञांनी बसडेपोमागच्या गोदामात बिनखिडक्यांचं घर बांधलंय आणि त्यात सहा जणांना कोंडलंय. तिथले पोशाख उसवले तर शिवायला कोणीतरी हवं, म्हणून आमची ही. (निवड झाल्याचं तिने दुकानात येऊन सांगितलं तेव्हा मी एकाची दाढी करत होतो. त्या बिचाऱ्याची अर्धी मिशी तिथेच गेली.) सगळं खऱ्यासारखं हवं, म्हणून निरोपही मंगळाच्या हिशेबाने जातात. मी मोबाइलवर लिहिलेलं तिला पोचायला वीस मिनिटं, तिचं उत्तर यायला आणखी वीस. गोदाम दुकानापासून इतकं जवळ, की निरोप पोचायच्या आत मी स्वतः जाऊन भिंतीला टेकून उभा असतो. पहिल्याच दिवशी मी विचारलं, दूध वर येतंय, काय करू? उत्तर आलं, "गॅस बंद करा." तोवर दूध गेलं होतं, पातेलं गेलं होतं आणि शेजारीण बादली घेऊन आली होती. मी चिडून बरंच काही लिहिलं, मग वाईट वाटून लगेच माफी मागितली. तिचा राग माझ्या हाती पडला तेव्हा तिकडे तो केव्हाच निवला होता, आणि मी मात्र इकडे नव्याने चिडलो.

दुकानात यावर रोज वाद. आमचे एक रिटायर्ड मास्तर म्हणतात, माणूस एक दिवस ताऱ्यांवरही जाईल. सगळ्यात जवळचा तारा इतका लांब, की एका प्रश्नाचं उत्तर यायला आठ वर्षं लागतील. मी वस्तरा खाली ठेवला आणि सांगितलं, मग माणूस कुठेही जाणार नाही. यानं बनतील, इंधनही मिळेल, पण मीठ कुठे ठेवलंयस हे आठ वर्षांनी कळणार असेल तर घरचे सोडतीलच कसे? मास्तरांना पटलं (वस्तरा पुन्हा हातात घेतला होता).

एक मात्र आहे. इतकी वर्षं मी दुकानात बोलून घरी येऊन पुन्हा बोलायचो, आणि ती मशीनवर वाकून "हं" म्हणायची. नुसत्या "हं"साठी वीस मिनिटं घालवणं तिला पटत नसावं. आता ती पानभर लिहिते. लहानपणी गच्चीवर झोपताना तिला आपण आभाळात पडू अशी भीती वाटायची, आणि तुम्ही तिचा परकर मुठीत धरून झोपायचात म्हणे. मला हे ठाऊकच नव्हतं. वाचून मी दुकान लवकर बंद केलं.

आता त्यांनी तिला विचारलंय, आणखी वर्षभर राहाल का? तिने मला विचारलं. मी ठणकावून कळवलं, पुरे झालं, घरी ये, मंगळ कुठे पळून जात नाही. शेवटी नवऱ्याच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

आपला,
पातेलं घासत बसलेला मेहुणा

ता. क. ठणकावून लिहिलं होतं, पण पाठवलं नाही. आधी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. आत मशीन चालू होतं आणि ती गात होती. ताई, तिला गाता येतं हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मग तिथेच "राहा" एवढंच लिहिलं आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

आणखी ता. क. पत्र खरं यासाठीच. रविवारी तुमचाही निरोप तिला जातो. त्यात लिहा, की मेहुणे मजेत आहेत, वेळेवर जेवतात, घर त्यांना मुळीच खायला उठत नाही. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. मी हेच रोज लिहितो, आणि त्यावर रोज मंगळावरून एकच शब्द येतो, "खोटं."