दहाव्याला दिलेला शब्द

प्रिय आणि रागीट आई,

उद्या सकाळी मी मिरजेहून मुंबईला निघतेय, आणि तिथून विमानानं परत ह्यांच्याकडं, सेशेल्सला. बॅग भरून दारात ठेवलीय. पाठचा भाऊ असून शिवा माझ्याशी बोलत नाही. तुझ्या दहाव्याला त्यानं तुला जो शब्द दिला, तो मी मोडतेय. म्हणून आधी तुझ्याशीच बोलायला बसले. लय भ्या वाटतंय गं!

आम्ही बोट घेतली तेव्हा काय म्हणाली होतीस? "आगं, हितं जत तालुक्यात प्यायला टँकर येतोय, आन् तू एवढ्या पाण्यात कशाला मराय चाललीस?" ह्यांच्या नेव्हीतल्या नोकरीला तू कधी नावं ठेवली नाहीस. ते जहाज सरकारचं होतं ना! पण रिटायर झाल्यावर फलटणच्या उसातला माणूस स्वतःची शिडाची बोट घेतो, बायकोला त्यात बसवतो आणि आफ्रिकेच्या दिशेनं निघतो, हे काही तुझ्या डोक्यात शिरेना. माझ्या तरी कुठं शिरत होतं?

रत्नागिरीला आम्हाला सोडायला आलीस. बोटीवर पाय ठेवला नाहीस. वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलंस आणि थुंकून टाकलंस. "देवानं एवढं पाणी केलं, आन् त्यात मीठ घातलं व्हय? काय म्हणावं ह्याला!" सगळे हसले. तू तेवढी हसली नाहीस. मला जवळ ओढून म्हणालीस, "सुमे, नगं जाऊ." तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं का गं?

वाटेतलं तुला फोनवर सांगणार होते. ते राहूनच गेलं, आता ऐक. एका दुपारी वारा एकदम वाढला. शीड उतरवायला हे पुढं गेले. मी मागं सुकाणू धरून बसलेली. शिडाआड हे दिसेनात. मी हाका मारल्या. "अहो! अहो!" काही उत्तर नाही. लाट बोटीवर चढत होती, आणि सुकाणू सोडून उठायची सोय नव्हती. थोड्या वेळानं हे दोरीला धरून सरपटत मागं आले. वाऱ्यानं हाकच पोचली नव्हती म्हणे! पण आई, तेवढा वेळ मी विधवा होते. मी ह्यांना शिव्या घातल्या आणि मग चहा केला.

आम्ही सेशेल्सच्या बंदराला लागलो, फोन चालू झाला आणि पलीकडून शिवा नुसता रडायला लागला. तुला जाऊन तोवर सावडणंही उरकलं होतं. पोटची पोर, आणि तुझ्या मातीला नव्हते! चार दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं? पोरीला विमान तरी मिळालं असतं.

ह्यांना बोटीपाशी ठेवून मी एकटी दहाव्याला पोचले तेवढी. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. काका म्हणाले, "वहिनी, मेंढरं विकत न्हाई, काळजी करू नगंस." नाही आला. शिवाची बायको म्हणाली, आमच्या धाकट्या पोराचं लग्न तुमच्या मनासारखं करू. तरी नाही. ऊन चढलं, माणसं कुजबुजायला लागली. मग शिवा हात जोडून पुढं झाला. "आई, अक्काला परत समुद्रात जाऊ देत न्हाई. ह्यो माजा शब्द." आणि आला की गं कावळा! सगळ्यांनी सुस्कारा सोडला. खरंच तू त्या शब्दासाठी अडून बसली होतीस? की कावळ्याला नेमकी तेव्हाच भूक लागली?

ह्यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "मग तू नको येऊस. आईला दिलेला शब्द आहे. पावसाळा तोंडावर यायच्या आत बोट मी एकटा आणतो." किती शांतपणे म्हणाले! मला त्या शांतपणाचीच भीती वाटते. हातात दिल्याशिवाय ह्यांना बीपीची गोळी आठवत नाही. हे झोपले की सुकाणूवर कोण बसणार? शिडाआड गेले, तर हाक कोण मारणार? बोट विका आणि विमानानं या म्हटलं, तर नुसतं हं म्हणतात. तुझा जावई हट्टाला तुझ्यासारखाच आहे.

मी शिवाला म्हटलं, "अरे, शब्द तू दिलायस, नवरा माझा आहे." तो म्हणाला, "मग आईचा तळतळाट लागला तर मला ईचारू नगंस." तेव्हापासून घास उतरत नाही. मला पाण्याची भीती होतीच. आता तुझीही वाटायला लागलीय. वारा फिरला की मला वाटणार, ही आई. लाट चढली की वाटणार, आईच. सख्ख्या आईला भ्यायची वेळ कुठल्या लेकीवर येऊ नये गं!

तूच सांग, तुझा नवरा, आमचे दादा, लढाईवर होते तेव्हा ते एकटे आहेत म्हणून तुला घास जात होता का? तुला तिकडं जाता येत नव्हतं, म्हणून तू राहिलीस. मला जाता येतंय.

शिवावर रागवू नकोस, त्यानं शब्द मनापासून दिलाय. माझ्यावर रागव. हवं तेवढं रागव, पण आम्ही रत्नागिरीला लागल्यावर. तोवर थांब. एवढं तुझ्या लेकीचं ऐक.

शिवानं तुला एक शब्द दिला, आता माझा घे. मी एकटी परत येणार नाही. येऊ तर दोघं येऊ.

तुझी,
सुमी