माळ्यावर ठेवलेले देव

आई,

तुझी नात जाऊन तीन वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती, तुझा पदर धरून सांगलीच्या या घरात हिंडायची. पुढे मिरजेत नर्सिंगला गेली. शेवटच्या वर्षाला साधा ताप म्हणून घरी आली आणि अकराव्या दिवशी तिला दवाखान्यातून आणलं ते पांढऱ्या चादरीतच. तेराव्यानंतर मी एक गोष्ट केली, ती तुला कुणी सांगितली नसणार. देव्हाऱ्यातले सगळे देव, तू दिलेला सिद्धनाथाचा चांदीचा टाकसुद्धा, एका जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. तुझे जावई बघत होते. वीस वर्षं सैन्यात काढलेला माणूस. मी पडू नये म्हणून शिडी धरून उभे राहिले.

त्या दिवसापासून मी रिकामी बसलेलीच नाही. डोळे उघडले की हातात मोबाइल. स्वयंपाकघरात एक मालिका चालू, बाहेर टीव्हीवर दुसरी. गल्लीतल्या बायकांबरोबर गणपतीपुळ्याला गेले, गोव्याला गेले, जिथं गाडी जाईल तिथं गेले. साड्या घेतल्या, कितीतरींची घडीही मोडलेली नाही. म्हसवडलासुद्धा जाऊन आले. सिद्धनाथाच्या गाभाऱ्यापुढे उभी राहिले ती त्याच्याकडे पाठ करून, फोटोसाठी. लोक म्हणायचे, "बाई सावरली हो." मी नुसती पळत होते, आई. जरा कुठं आवाज थांबला की पोरीचा दवाखान्यातला श्वास ऐकू यायचा, ओढून ओढून घेतलेला. मग मी घाईघाईनं काहीतरी लावायची, काहीही, साबणाची जाहिरात का असेना.

मला वडूजच्या वसतिगृहाचं तुझं स्वयंपाकघर आठवतं. धाकटा भाऊ तापात गेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी बारा. बाबा लष्करात, रजा मिळून यायला त्यांना बारा दिवस लागले. तू मात्र तेरावं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर हजर. साठ मुलांच्या भाकरी थापायच्या, पातेली घासायची. मी शाळा सुटली की तुला भेटायलाही न थांबता मुख्याध्यापकांच्या घरी टीव्ही बघायला पळायची. एक दिवस तू तिथून माझं बखोट धरून आणलंस. मला वाटलं, आता मार बसणार. तू मला पिठाच्या डब्याशेजारी बसवलंस आणि म्हणालीस, "बघ की टीव्ही, मी कुटं नको म्हंते? पर तुजं रडायचं ऱ्हायलंय. आदी रडून घे, मग जा."

मी रडले नाही. बसून राहिले आणि तुला बघत राहिले. तू हात धुतेस, पदराला पुसतेस, भिंतीवरच्या सिद्धनाथाच्या फोटोपुढं मांडी घालून बसतेस. मला वाटतं, आता तू हात जोडणार. तर तू त्याला सरळ बोलायलाच लागतेस. "आठ वरसाचं पोर न्हेलंस. काय कमी पडलं व्हतं रं तुला? म्हसवडची खेप मी कवा चुकवली? बोल की! आता का मुका झालास?" मी घाबरून तुझा हात ओढते. "आई, देवाला असं बोलू नये. पाप लागतं." तू माझ्याकडे वळतेस. डोळे लाल, आवाज मात्र साधा. "त्येला न्हाई तर कुनाला बोलू? शेजारनीपाशी रडलं की उद्या पानवठ्यावर गोष्ट व्हती. ह्यो कुटं सांगत न्हाई. आनि मी त्येच्यावर रुसले म्हनून काय झालं? जायला दुसरं दार हाय व्हय मला?"

रोज दुपारी तू भांडायचीस. किती महिने, ते मला आठवत नाही. मग भांडण हळूहळू कमी झालं आणि तू नुसती बसायला लागलीस.

परवा मंगळवारी दिवसभर वीज नव्हती. मोबाइल दुपारी बंद पडला. शेजारणीकडे गेले तर दाराला कुलूप. हे शेतावर गेलेले. घरात इतकं शांत झालं की मी कानांवर हात ठेवून या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. ओरडले असते, पण कुणाला? शेवटी शिडी लावली, टॉवेलाचं गाठोडं खाली काढलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवरच सोडलं. टाक काळा पडला होता. त्याच्याकडे बघून माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "का?" मग बांध फुटला. तीन वर्षांत तोंडातून न आलेलं सगळं आलं, त्यात शिव्याही होत्या.

हे कधी आले, मला कळलंच नाही. दारात उभे राहून विचारलं, "काय करतीयास?"

"भांडतीया."

"कुनासंगं?"

मी टाकाकडे बोट दाखवलं. त्यांनी टोपी काढली, माझ्याशेजारी फरशीवर बसले. मग साहेबापुढं बोलावं तसं ताठ बसून म्हणाले, "देवा, आमची पोर तुज्याकडं हाय. तिला अंधाराचं भ्या वाटतं. एवढं बग." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. तीन वर्षं हा माणूस माझ्या मालिकांच्या आवाजात एकटाच बसून होता, आई.

बरं वाटलं, असं खोटं लिहीत नाही. देवानं उत्तर दिलं नाही. रात्री पुन्हा मोबाइल घेतलाच. पण काल दुपारी आम्ही दोघं पुन्हा बसलो, आजही बसलो. मला जप येत नाही, शब्द सुचत नाहीत. छातीत अजून तसंच पेटलेलं आहे. फक्त आता त्याच्यासमोर पेटतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुझ्या शेवटच्या महिन्यात तू इथं आतल्या खोलीत होतीस. एका दुपारी हाक मारलीस, "ये गं, जरा बस. दोघी मिळून देवाचं नाव घिऊ." मी बाहेरून म्हटलं, "कुकर लावलाय, आई." तू म्हणालीस, "असू दे, असू दे. कर तुजं काम." टीव्हीचा आवाज मी अगदी बारीक केला होता. कुकर लावलेला नव्हता.