अनवाणी नवस

वेहेरगाव, माघ, शके १८३८

बसऱ्याच्या छावणीतल्या धन्यास द्वारकेचा नमस्कार.

तुम्ही लढाईवरून सुखरूप यावे म्हणून सासूबाई एकवीरेला नवस बोलल्या होत्या, की सून घोडेगावाहून अनवाणी चालत दर्शनाला येईल. ती वाट आज संपली. सोबत शेजारच्या अंबूबाई होत्या.

रीतीप्रमाणे वाटेत दारोदार जोगवा मागूनच खायचे होते. पहिल्या दारात माझा आवाज फुटेना. आज टाकवे गावात मात्र मीच पुढे झाले. मिळालेली भाकरी इंद्रायणीच्या काठी खाल्ली आणि सोललेले पाय पाण्यात सोडले. देवीचा डोंगर समोर दिसत होता, तरी उठावेसे वाटेना. कुणाला विचारून मी तिथे बसले नव्हते. फार बरे वाटत होते, आणि तेवढ्या वेळात तुमची आठवण आली नाही.

ध्यानात येताच मी घाबरले. नवसाला उणे आले आणि तुमच्या जिवाला काही झाले तर? अंबूबाईंना सांगितले.

"अगं, चालायचा नवस बोललाय, झुरायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "ऊठ आता. न्हाईतर देवी म्हणंल, ही हितंच ऱ्हाती का काय!"

दर्शन घेतले. तुमच्यासाठी मनापासून मागितले. भीती मात्र पुरती गेलेली नाही.

माझी पत्रे तुम्हाला हवालदार सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, म्हणून हे पाठवत नाही. पाठवायच्या पत्रात एवढेच लिहीन, की नवस फिटला.

तुम्ही या. मग आपण दोघे एकदा इथवर चालत येऊ. नदीपाशी मी जरा बसेन, तेव्हा मला उठवू नका.

तुमची
द्वारका