तिसरा ट्रॅक

७ जुलै, अमरावती
आले एकदाची! दर्यापूरहून बसने, टेबलफॅन मांडीवर घेऊन. घरमालकीण इंदूबाईंची माडीवरची खोली झकास आहे. अकोल्याची प्रतीक्षा आणि मी मिळून गेमिंगचं चॅनल चालवतो. ती तिच्या घरून खेळते, मी इथून. एडिटिंग माझ्याकडे. आता आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेते: पहिल्यावर गेम, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर प्रतीक्षा. ज्याचा हवा त्याचा कमीजास्त करता येतो. फक्त ही बया हेडफोन लावत नाही, स्पीकरवर ऐकते. त्यामुळे तिच्या ट्रॅकवर मागे माझाही आवाज हलकासा उमटतो. चालायचंच.

११ जुलै
क्लिप जोरात चालली. दोनशे कमेंट्स, सगळ्या प्रतीक्षासाठी. गेममध्ये मेली की ती ओरडते, "अवं माय, मेली ना मी! तू काय पाहून राहिली वं?" एवढ्यावर लोक फिदा! मरमर मी करायची आणि कौतुक तिचं. जळफळाट झाला माझा. तिसरा ट्रॅक जरा खाली ओढला.

१४ जुलै
प्रतीक्षाचा घसा बसलाय म्हणे. फोनवर काळजी दाखवली, मनातून बरं वाटलं. ट्रॅक निम्म्यावर आणला. माझाही घसा खवखवतोय. पाणी बदललं असेल.

१५ जुलै
तिच्या आईचा, मनकर्णाकाकूंचा फोन. पोरीचा आवाज पार गेला, डॉक्टरांना काही सापडत नाही. मी ट्रॅक खाली ओढला म्हणून तर नाही? खात्री करायला तो वर ओढला. पाचव्या मिनिटाला प्रतीक्षाच फोनवर: "बोलता येऊन राहिलं वं मले!" रडत होती. मला आनंद व्हायला हवा होता.
ट्रॅक शून्यावर नेला.

१७ जुलै
एकटीच खेळले. तरी तिसऱ्या ट्रॅकवर आवाजाच्या लाटा उमटल्या. तिचाच आवाज, हळू, जाब विचारल्यासारखा: "काहून वं?"

१८ जुलै, दुपार
पुन्हा तेच. आणि कमेंट्समध्ये सगळे विचारतात, प्रतीक्षा कुठंय? अजूनही तीच! ट्रॅक पुसूनच टाकला.

थोड्या वेळाने
मनकर्णाकाकू फोनवर आक्रोश करतायत— माही पोर श्वास घेऊन नाही राहिली—
बोलायला तोंड उघडलं. आवाजच नाही. खालून इंदूबाई चहाला हाका मारतायत. ओ देता येत नाही.
तिच्या ट्रॅकवर मीही होते. मागे. हलकीशी.
पुसलेलं परत येत नाही. दहा वेळा 'अनडू' दाबलं—

तिसरा ट्रॅक आपोआप उघडलाय. "अवं माय, मेली ना मी. तू काय पाहून राहिली वं?"
मागे एक श्वास ऐकू येतोय. माझा. लाट बुटकी होत चाललीय. मी घेतेय ना श्वास? घेते—