चौदा पुढे, बेचाळीस मागे

३ मार्च, सोमवार
चेनचा खरा हिशेब. पहिली चेन अठराशे. जाडजूड, पण मागच्या चाकाच्या दातांवर बसेना. एक कडी कापून पाहिली होती म्हणून दुकानदार परत घेईना. दुसरी चौदाशे. शिवाय डाव्या अंगठ्याचं नख आणि बायकोचा पांढरा टॉवेल, आता काळा. निष्कर्ष: दुकानदाराला मालातलं काही कळत नाही.
जुन्या मोटरसायकलचं इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवली. राहिलं काय, तर मोटरपासून मागच्या चाकापर्यंत चेन नेणं. शेंबडं पोरही करेल.

५ मार्च
बायकोला टेकडीवरच्या इस्पितळात हेड नर्सची नोकरी. सतरा तारखेला पहिला दिवस, आठच्या ठोक्याला हजर. तिथली एक सिस्टर कारने जाते, रोज बरोबर नेईन म्हणाली होती. मीच फोन करून कळवलं, गरज नाही, आमची गाडी आहे. बायको बराच वेळ माझ्याकडे बघत होती. अभिमानाने असावं.

८ मार्च
लेथवाल्याला सांगितलं, मोटरवर चौदा दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, मागच्या चाकाला बेचाळीसचं. तो म्हणे, साहेब, चढ आहे ना? मागे साठ घ्या. वेग पडेल, पण गाडी ओढेल. ओढायला मी काय बैल घेतोय? तीस वर्षं जळके पंखे आणि मोटरी नव्या तारेने बांधून स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलं. पंख्याला कुणी विचारतं का, बाबा रे, ओढतोस किती? फिरतो किती ते बघतात.

९ मार्च, रविवार
सासरे आले. जन्मभर सायकली दुरुस्त केल्या, अजून सायकलवरच हिंडतात. चक्रांचे दात मोजले. दोनदा. मग म्हणाले, जावईबापू, चढाला मागे मोठं चक्र लागतं. पाय असो की मोटर, दम दोघांनाही लागतो. मी हसलो. मोठ्यांचा मान ठेवावा लागतो. ते गेल्यावर बायकोला म्हटलं, पेडल मारणाऱ्याने मोटरवाल्याला शिकवू नये. ती म्हणाली, बाबा जाताना लेथवाल्याकडे साठचं सांगून जाणार आहेत. म्हाताऱ्यांना वेळ फार.

१२ मार्च
चाचणी! गाडी मेन स्टँडवर चढवली, रेस पिळली. मागचं चाक हवेत एकशे दहाने फिरलं. शेजारी गॅलरीत आले. जाहीर करून टाकलं, टेकडीच्या चढावर मला कुणी गाठून दाखवावं. बायकोने विचारलं, रस्त्यावर कधी चालवणार? म्हटलं, पंखा छताला लावायच्या आधी टेबलावरच फिरवून बघतो. आजवर एकही खाली पडलेला नाही.

१६ मार्च
चेनला तेल दिलं. संकल्प: उद्या बेताने चालवणे. लोकांना उगाच कमीपणा नको. बायकोने गणवेशाशेजारी चालायचे बूट काढून ठेवले. म्हटलं, चपला चालतील की. ऐकलं नाही. विश्वास म्हणून नाहीच माणसाला.

१७ मार्च, सकाळी साडेनऊ
सपाटीवर झकास. चढ लागला तशी मोटर कण्हायला लागली. पहिल्या वळणावर वास आला. तीस वर्षं याच वासावर घर चाललंय: मोटरमधलं तारेचं वाइंडिंग जळल्याचा. बायको उतरली, पर्स खांद्याला अडकवली आणि निघाली.
दोष कुणाचा ते उघड आहे. मोटर हलक्या प्रतीची दिली. शिवाय बायकोचा डबा वजनदार होता.
गाडी ढकलत होतो, तेवढ्यात मागून घंटी वाजली. सासरे. सावकाश, पण थांबत नव्हते. कॅरिअरला साठ दातांचं स्प्रॉकेट बांधलेलं. नाकाने वास घेतला आणि म्हणाले, आता याचा उपयोग नाही, जावईबापू. पोरगी कुठवर गेली बघतो. आणि गेले पुढे.
बायको आठाला चार मिनिटं असताना पोहोचली. चालत.
सासरे एकाहत्तर वर्षांचे आहेत.